बाजार ते बाजार



दर आठवड्याला मी तुम्हांला काही ना काही करायला सांगतो. बांध नीट करा, माती तपासा, शेणखत कुजवूनच घाला. आमच्या सौभाग्यवती परवा म्हणाल्या, "अहो, तुमचं लिहिलेलं वाचलं तरी माणूस दमतो. एखाद्या आठवड्याला त्या शेतकऱ्याला जरा बसू द्या की!" घरचा अहेर आहे, नाकारून कसं चालेल? तेव्हा आज काम बाजूला. आज आपण बाजाराला जाऊ. पिशवी घ्या, धाकट्याच्या पायात चप्पल आहे का बघा, गोठ्याची कडी लावा आणि चला.

मी सांगतोय ते मांजरा नदीच्या खोऱ्यातलं तालुक्याचं लहानसं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या बाजारात मला भजी उधार मिळायची नाहीत. एक मोठा रस्ता, जुनी वेस, वेशीजवळ मारुतीचं देऊळ आणि पलीकडे एस.टी. स्टँड. सोमवार ते शनिवार हे गाव झोपल्यासारखं असतं. रविवार उजाडला की मात्र चारी वाटांनी माणसं येतात. मोटारसायकलवर तिघं-चौघं, टमटममध्ये दहा-बारा, आणि एखादी बैलगाडी अजूनही.

रविवारचा हा मान काही फुकट आलेला नाही, बरं का. मुंबईच्या गिरण्यांत आपल्याच खेड्यापाड्यांतून गेलेली माणसं आठवड्याचे सातही दिवस राबत होती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्यासाठी उभे राहिले. रविवार हा आमच्या खंडोबाचा वार, त्या दिवशी सुट्टी द्या, अशी मागणी त्यांनी लावून धरली. काही वर्षं झगडावं लागलं, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली.

पण कामगाराला सुट्टी मिळाली, शेतकऱ्याला कोण देणार? आज रविवार आहे हे गाईला कुठे ठाऊक असतं? धार काढावीच लागते. वीज रात्रीची असेल तर पाणी रात्रीच द्यावं लागतं. म्हणून मी म्हणतो, बाजार हीच शेतकऱ्याची सुट्टी. २०२० साली टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली होती, "साहेब, मीठ-मिरची गावातबी मिळतीया. पर लेकीची गाठ कुठं पडणार?" तिची लेक सात कोसांवर दिलेली. मायलेकींची भेट व्हायची ती बाजारात, बांगड्यांच्या दुकानापाशी. बाजार म्हणजे नुसती खरेदी-विक्री नव्हे, हे त्या म्हातारीनं मला एका वाक्यात शिकवलं.

असो. आता गोष्ट सांगतो ती २०२२ च्या मे महिन्यातली, तीन रविवारांची.

पहिला रविवार. ऊन असं की कावळासुद्धा सावली शोधत होता. लग्नसराईचे दिवस, त्यामुळे बाजार फुललेला. लिंबाखाली खुर्ची टाकून न्हावी बसला होता. त्याच्यापुढे अर्धी दाढी झालेला एक गृहस्थ कुणाच्या तरी खोंडाची किंमत ऐकून ताडकन उठला आणि अर्ध्या दाढीनिशी सौदा मोडायला धावला. कुंभाराच्या पालापाशी एक आजी एकेक माठ टिचकी मारून ऐकत होत्या. अकरा माठ वाजवून झाले. कुंभार म्हणाला, "आजी, माठ घ्यायचाय का भजनाला बसायचंय?" आजी म्हणाल्या, "लेकरा, सून बी अशीच बघून आणलीया. वाजवून घेतलेलं कधी गळत न्हाई." मागे उभी असलेली सून पदराआड हसत होती.

या आजी, ही सून, तिचे यजमान, सातवी संपवून आठवीत जाणारी थोरली मुलगी आणि तिसरीतला धाकटा, हे सगळं माझ्या ओळखीचं कुटुंब. त्यांचं गाव तालुक्यापासून एका कोसावर. नावं कशाला? आपण त्यांना दादा आणि वहिनी म्हणू. मी आणि आमच्या सौभाग्यवती तिथेच उभे राहून बोलत होतो, तेवढ्यात आरडाओरड झाली. आबा हरवले! आबा म्हणजे दादांचे वडील. आता होते, आता नाहीत.

थोरली हुशार. ती सरळ मारुतीच्या देवळात गेली आणि भोंग्यावरून पुकारा करवला. "पांढरा सदरा, धोतर आणि टोपी घातलेले एक म्हातारे आजोबा हरवले आहेत, त्यांनी देवळापाशी यावे." झालं! बाजारातल्या पन्नास म्हाताऱ्यांनी एकदम मान वर केली. सगळ्यांचाच सदरा पांढरा आणि सगळ्यांच्याच डोक्याला टोपी. दहा-बारा जण खरोखरच देवळापाशी येऊन उभे राहिले. त्यांत आमचे आबा नव्हते. ते सापडले रसवंतीत, तिसरा ग्लास संपवताना. म्हणाले, "मी कुठं हरवलो? मी हितंच हाय. तुमीच हरवला व्हता."

मग सगळेच रसवंतीत बसलो. बोलता बोलता पेरणीचा विषय निघाला. दादांना चार एकर सोयाबीन पेरायचं होतं. मी विचारलं, "बियाण्याचं काय केलंत?"

"घरचंच हाय, साहेब. दोन पोती धरून ठेवलीत."

"उगवण तपासलीत?"

"त्याला काय तपासायचं? गेल्या साली उगवलं, औंदा का उगवणार न्हाई?"

मंडळी, या प्रश्नावर मी जरा थांबलो. तुम्हांला २०२० चा खरीप आठवत असेल. आदल्या वर्षी परतीच्या पावसानं काढणीचं सोयाबीन भिजवलं होतं. पुढे पेरणी झाली आणि मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला. मी त्या वेळी शिवारं फिरलो आहे. पेरलेल्या रानात आठव्या दिवशी काकऱ्या रिकाम्या बघणं आणि शेजारी बांधावर बसलेल्या माणसाशी काय बोलावं ते न सुचणं, हे मी विसरलेलो नाही. आणि २०२१ च्या सप्टेंबरअखेरीसही मांजरेला पूर येऊन गेला होता. दादांचं खालचं रान त्यात पाण्यात होतं.

पण बाजारात कुणाला असं घाबरवू नये. मी म्हटलं, "दादा, आज घरी आमरस आहे का?"

"हाय की! चला."

"मग येतो. पण जेवणाआधी शंभर पाहुण्यांची पंगत बसवायची."

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर पंगत बसली. पाहुणे म्हणजे सोयाबीनचे दाणे. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ बी घेतलं, एकत्र केलं आणि निवड न करता, येतील तसे शंभर दाणे मोजले. ही गोष्ट महत्त्वाची. टपोरे टपोरे वेचून घेतले तर आपणच आपल्याला फसवतो. गोणपाटाचा तुकडा भिजवून अंथरला. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, दाण्यादाण्यांत बोटभर अंतर ठेवून. वरून दुसरा ओला तुकडा घातला, चटईसारखी गुंडाळी केली आणि सुतळीनं सैल बांधली. प्रत्येक पोत्याची वेगळी गुंडाळी. ती सावलीत, थंड जागी ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी उघडायची. म्हणजे बाजार ते बाजार!

कॉलेजात बी.एस्सी. ॲग्रीला असताना याच कामासाठी आमच्याकडे विजेवर चालणारं मोठं कपाट होतं. त्यातली उष्णता मोजायला काटा होता. दादांच्या घरी ते काम गोणपाटानं आणि आजींच्या माठामागच्या गारव्यानं केलं. दाण्याला हवा असतो ओलावा, ऊब आणि थोडी हवा. ती कपाटात मिळाली काय नि पोत्यात मिळाली काय, त्याला फरक पडत नाही.

मांडताना धाकट्यानं चार दाणे खाल्ले, ते पुन्हा मोजावे लागले. आजींनी एका ओळीला दोन जास्त घातले, का तर "पाहुण्याला कमी पडू नये." थोरलीनं प्रत्येक गुंडाळीला चिठ्ठी लावली आणि पाणी शिंपडायचं काम अंगावर घेतलं. दादा खांबाला टेकून हसत होते. "साहेब, पोरांना चांगला खेळ दिलात."

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. आम्ही आमरसाला बसलो तेव्हा वहिनी आत कोठीच्या खोलीत काहीतरी करत होत्या.

दुसरा रविवार. बाजार उरकून आम्ही पुन्हा त्यांच्या ओट्यावर गेलो. सौभाग्यवतींनी कुरडया नेल्या होत्या, तेवढ्यासाठी तरी दार उघडावं म्हणून. पहिली गुंडाळी सोडली. मोजायचे ते नुसते फुगलेले नव्हेत, बुरसलेले किंवा तुटक्या कोंबाचे नव्हेत. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तेच खरे. थोरली मोजत होती, धाकटा मागून अंक म्हणत होता आणि आबा बोटं घालत होते.

"सत्तेचाळीस!"

ओट्यावर कुणी बोललं नाही. बसले शंभर आणि जेवून उठले सत्तेचाळीस. दुसरी गुंडाळी सोडली, त्यात बावन्न.

दादांचा चेहरा उतरला. मग राग आला. "पोरीनं मोजण्यात चूक केलीया."

मी विचारलं, "तिला गणितात किती मार्क?"

"शंभरातले एक्क्याण्णव," आजींनी सांगितलं.

"मग दादा, ती सोयाबीनपेक्षा हुशार आहे. चूक बियाण्याची असणार."

दादा हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. चार एकरांची पेरणी म्हणजे नांगरट, खत, मजुरी आणि वर्षाचा भरवसा. सगळं त्या दोन पोत्यांवर बांधलं होतं. दुबार पेरणी करायची तर पैसा कुठून आणायचा?

मंडळी, हिशेब साधा आहे. शंभरांतले सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. सत्तरच्या खाली साठपर्यंत, जितके कमी तितकं दर दाण्यामागे अर्धा किलो बियाणं वाढवायचं. पासष्ट उगवले तर साडेबत्तीस किलो. साठच्याही खाली गेलं तर ते बियाणं म्हणून वापरायचंच नाही. ते धान्य आहे, आडतीला घालावं.

तेवढ्यात वहिनी आतून आल्या. हातात तिसरी गुंडाळी. म्हणाल्या, "साहेब, एवढीबी बघा."

थोरली मोजायला बसली. साठ झाले, सत्तर झाले. आबांची बोटं संपली, त्यांनी धाकट्याची घेतली. त्र्याऐंशी!

दादा बघतच राहिले. "हे कुठलं?"

"माझं," वहिनी म्हणाल्या.

त्याचं असं झालं होतं. वरच्या मुरमाड तुकड्यात पुराचं पाणी थांबलं नव्हतं. तिथलं सोयाबीन वहिनींनी आणि आजींनी वेगळं कापलं, चांगलं वाळवलं आणि ताडपत्रीवर काठीनं बडवून काढलं. थोडकंच म्हणून यंत्राची वाट पाहिली नाही. ज्यूटच्या पोत्यात भरलं आणि भिंतीपासून दूर, फळीवर ठेवलं. पोरीला आठवीला तालुक्याच्या शाळेत घालायचं, तिला सायकल लागेल, त्या वेळी विकू, म्हणून ते पोतं राखलं होतं. दादांची दोन पोती मात्र खालच्या रानातली, ओल लागलेली. भरधाव यंत्रातून मळलेली, प्लॅस्टिकच्या पोत्यात भरून भिंतीला लावलेली, आणि ट्रॉलीतून धाडकन खाली टाकलेली.

सोयाबीनचं साल फार पातळ असतं, मंडळी. आत अंकुर अगदी सालीलगत बसलेला असतो. पोतं उंचावरून आपटलं की बाहेरून दाणा चांगला दिसतो, आत मात्र अंकुर मेलेला असतो. म्हणून बियाण्याचं सोयाबीन मळताना यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या वर नेऊ नयेत. पोती हळू उतरवावीत आणि उंच थप्पी लावू नये.

आता प्रश्न आला दादांच्या मानाचा. त्यांनी घसा खाकरला, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मग काय, हे पोतं पेरायला देशील का?"

"देईन की. पर इकत."

"घरातल्या घरात?"

"सायकल घरातल्या घरात मिळती का?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "आन भाव धान्याचा न्हाई, बियाण्याचा लागंल. शंभरात त्र्याऐंशी हाय."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आजी म्हणाल्या, "बघा, म्हणलं नव्हतं? वाजवून आणलीया." दादाही हसले, आणि या वेळी मनापासून. सौदा ठरला. कुरडया तळल्या गेल्या.

तिसरा रविवार. वहिनींचं पोतं साठ किलोचं, दोन एकरांना पुरेल इतकं. दादांनी आपली दोन्ही पोती धान्य म्हणून आडतीला घातली होती, त्या पैशातून राहिलेल्या दोन एकरांचं प्रमाणित बियाणं घ्यायचं ठरलं. सगळं घर दुकानात. दुकानदार म्हणाला, "पावती कशाला, वहिनी? घरचीच माणसं तुम्ही."

वहिनी म्हणाल्या, "घरचं म्हणूनच मागतेय, भाऊ. परक्याकडं मी आलेच नसते."

पक्की पावती मिळाली. थोरलीनं पिशवीचा निळा टॅग वाचला. वाण कुठला, लॉट नंबर काय, मुदत कधीपर्यंत, सगळं पावतीशी ताडून पाहिलं. घरी गेल्यावर पिशवी खालच्या अंगानं उसवली, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहतो. पावती, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बी काढणी होईपर्यंत जपून ठेवलं. पुढे काही बिनसलं तर तक्रारीला हाच पुरावा लागतो. तो नसेल तर माझ्यासारख्या अधिकाऱ्याचे हातही बांधलेले असतात. विकतच्या बियाण्याचीही एक पंगत ओट्यावर बसलीच, कारण आता धाकट्याला त्याची चटक लागली होती. आबा म्हणाले, "औंदा लग्नाइतक्या पंगती उठल्या आपल्या घरी!"

पुढे चांगला पाऊस होऊ दिला. दादा शेजाऱ्यांची घाई बघून दोनदा तिफणीकडे गेले आणि दोनदा आबांनी मागे फिरवलं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन नीट ओली झाली, तेव्हाच पेरलं. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावलं, मग जिवाणू संवर्धन लावून सावलीत सुकवलं. तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली जाऊ दिलं नाही. आठव्या दिवशी मी बांधावर उभा होतो. ओळी भरल्या होत्या. या वेळी बांधावर काय बोलावं हा प्रश्नच पडला नाही, कारण धाकटाच बोलत होता. तो रोपं मोजत होता आणि शंभराच्या पुढचं त्याला येत नसल्यामुळे पुन्हा एकपासून सुरू करत होता.

आणि सायकल? ती पुढच्याच एका रविवारी आली. घरी नेताना दादा चालत होते, थोरली सायकलवर होती आणि आबा म्हणत होते, "मला बी जरा दांडीवर बसू द्या. मग हरवणार न्हाई मी."

मंडळी, या गोष्टीत मी फार काही केलं नाही. आमरस खाल्ला आणि गोणपाट भिजवलं. बाकी सगळं घरानं केलं. वर्षानुवर्षं मी शेतकऱ्यांच्या बैठका घेतो आहे. त्यांत समोर बसतात ते पुरुष. पण घरातलं कुठलं बी जपून ठेवलंय, कुठलं भिजलं, कुठल्या पोत्याला उंदीर लागला, हे ज्यांना ठाऊक असतं त्या बायका चुलीपाशी असतात. पेरणीचा निर्णय होतो ओट्यावर आणि माहिती असते कोठीच्या खोलीत. त्या रविवारी दोन्ही एका जागी आली म्हणून चार एकर वाचले. नाहीतर त्र्याऐंशीचं पोतं सायकलीसाठी आडतीला गेलं असतं आणि सत्तेचाळीसचं रानात.

तेव्हा मे महिन्यातला एक रविवार ठरवून ठेवा. बाजाराला सगळे मिळून जा. भजी खा, रस प्या, आबांवर जरा नजर ठेवा. संध्याकाळी ओट्यावर पंगत मांडा. मोजायला पोरांना बसवा, त्यांचे डोळे चांगले असतात आणि त्यांना खोटं मोजता येत नाही. घरच्या बाईला विचारा, "तुझ्याकडचं काही आहे का?" आणि असेल तर रास्त भाव द्या.

बघा, आज काम सांगणार नाही म्हणालो आणि शेवटी सांगितलंच. सौभाग्यवती वाचतील तेव्हा बोलतील. पण पंगत मांडणं हे काही काम नव्हे, ती तर हौस. होय ना?

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर राम राम!